दोन कोळी



व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा चिटणीसांनी विषय विचारला. मी म्हणालो, "दोन कोळी." त्यांनी पत्रिकेत तसंच छापलं. परवा खडेबाजारात एका गृहस्थांनी मला थांबवून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मच्छीमारांवर कधीपासून बोलायला लागलात?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या मराठीत मासे धरणारा तोही कोळी आणि भिंतीच्या कोपऱ्यात जळमट करणारा तोही कोळी. दोघांचं साधन एकच, जाळं. आज मी ज्या दोघांबद्दल बोलणार आहे त्यांतला एक आपल्या घरातला, आठ पायांचा कोळी आहे. दुसरा समुद्रात राहतो आणि जाळं टाकून पोट भरतो, पण तो माणूस नाही, मासा नाही, किडाही नाही. त्याचं अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी.

मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे, हे आधीच सांगतो. बी.एच.एम.एस. झालो आणि तेव्हापासून याच गावात दवाखाना चालवतो. माझ्या कपाटात एका फळीवर कॅल्केरिया कार्ब ही कालवाच्या शिंपल्यापासून केलेली बाटली असते आणि दुसऱ्या फळीवर अरेनिया डायडेमा, म्हणजे युरोपातल्या बागेतल्या कोळ्यापासून केलेली. या औषधांच्या गुणाबद्दल जगात वाद आहेत. तो आजचा विषय नाही. पण समुद्रातला चुना आणि जमिनीवरचा कोळी असे दोन शेजारी रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं, एवढं खरं.

समुद्रातल्या कोळ्याची ओळख वाळूतून झाली. काही वर्षांपूर्वी घरची मंडळी गोव्याला जाऊन आली. मुलांच्या चपलांतून, पिशव्यांतून वाळू घरभर झाली. मी चिमूटभर वाळू उचलून कॉलेजच्या काळातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. दगडाचे कण होते, शिंपल्यांचे तुकडे होते, आणि त्यांच्यामध्ये तीनचार अगदी नेटके, पांढरे, गोगलगाईसारखे वळलेले शंख होते. प्रत्येक शंख खसखशीच्या दाण्याहून लहान. आत एकापुढे एक खोल्या, आणि प्रत्येक खोली आधीच्या खोलीपेक्षा थोडी मोठी. मला वाटलं, एखाद्या गोगलगाईचं पिल्लू असावं.

ही चूक करणारा मी पहिला नव्हतो. १८२६ साली आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञाने या जीवांना फोरॅमिनिफेरा हे नाव दिलं. लॅटिनमध्ये फोरामेन म्हणजे छिद्र. शंखाच्या खोल्यांना जोडणारी छिद्रं बाळगणारे ते फोरॅमिनिफेरा. पण शंखाचा आकार पाहून त्याने त्यांना नळ आणि माकुल यांच्या नात्यातले प्राणी ठरवलं, म्हणजे डोळे, मेंदू, हृदय असलेल्या प्राण्यांच्या कुळात बसवलं. नऊ वर्षांनी, १८३५ साली, फेलिक्स द्युजार्दँ या दुसऱ्या फ्रेंच माणसाने जिवंत फोरॅमिनिफेरा नीट न्याहाळले. त्याला आत ना डोळा सापडला, ना तोंड, ना जठर. एक चिकट, वाहता, जिवंत रस तेवढा होता. त्याला त्याने सार्कोड म्हटलं. आज आपण त्याला पेशीद्रव म्हणतो. एवढं देखणं घर बांधणारा गवंडी हा एक थेंब निघाला.

पुढे गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत ओळखीच्या संशोधकाने मला जिवंत फोरॅम दाखवला. काचेच्या बशीत समुद्राचं पाणी, तळाशी एक ठिपका. पहिला अर्धा तास काहीच घडलं नाही. मग त्या ठिपक्याच्या तोंडातून एक धागा बाहेर आला. त्याला फाटा फुटला. फाट्याला फाटे फुटले, ते एकमेकांना भेटून जोडले गेले, आणि बघता बघता शंखाच्या व्यासाच्या कितीतरी पट लांबवर काचेवर जाळं पसरलं. केसाहून फार बारीक धागे. आणि त्या एकेका धाग्यातून बारीक कण एकाच वेळी दोन्ही दिशांनी धावत होते. काही बाहेर, काही आत, एकमेकांच्या शेजारून, न अडखळता. शनिवारी संध्याकाळी आपल्या खडेबाजारात हे कधी जमलेलं मी पाहिलेलं नाही.

या जाळ्याला एखादं सूक्ष्म शेवाळ किंवा जीवाणू लागला की तो चिकटतो आणि धाग्यातल्या त्या वाहतुकीबरोबर शंखाकडे ओढला जातो. सगळेच एवढ्यावर समाधान मानत नाहीत. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारे काही फोरॅम कोपेपॉड नावाचे कवचधारी छोटे जीव पकडतात. त्या कोपेपॉडना पाय असतात, स्नायू असतात, चेतातंतू असतात. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळाशी राहणारा अ‍ॅस्ट्रामिना रारा हा फोरॅमही असेच बहुपेशीय प्राणी धरून खातो. मेंदू असलेल्याला मेंदू नसलेला धरतो, पेशींच्या अख्ख्या गावाला एक पेशी गिळते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं.

आता जमिनीवरच्या कोळ्याकडे येऊ. कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यातले कितीतरी जाळं विणतच नाहीत. भिंतीवर उड्या मारत माशी पकडणारा कोळी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मी आज कुंपणाच्या जास्वंदीवर गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याबद्दल बोलतो आहे. हे काम बहुतेक मादीचं असतं.

तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी ती एक धागा वाऱ्यावर सोडते. तो पलीकडच्या फांदीला अडकला की पूल तयार झाला. त्या पुलावरून ती ये-जा करते, चौकट बांधते, मधल्या बिंदूपासून चाकाच्या आऱ्यांसारखे धागे ताणते. मग आतून बाहेर एक तात्पुरता, न चिकटणारा वेढा घालते. ही तिची परांची. शेवटी बाहेरून आत येत चिकट धाग्याचे वेढे घालते आणि येता येता परांची खाऊन टाकते. अनेक जाती हे जाळं रोज नवं विणतात आणि जुनं गिळतात, त्यातलं प्रथिन पुन्हा धाग्यासाठी वापरतात. आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी होते, तसंच हे.

जाळ्याच्या मध्यभागी ती डोकं खाली करून बसते. या कोळ्यांना बहुधा आठ डोळे असतात, पण त्यांची नजर यथातथाच. त्यांचा सारा भरवसा पायांवर. पायांच्या कवचात बारीक फटींसारखी इंद्रियं असतात. धाग्याचा कंप त्यांना कळतो. वाऱ्याने हललेलं जाळं, अडकलेली माशी आणि लग्नाच्या बोलीने आलेला नर, या तिन्हींचा कंप तिला वेगवेगळा लागतो. तिसरा ओळखण्यात चूक झाली तर नवरदेवाचं जेवण होण्याऐवजी नवरदेवच जेवण होतो.

दोघांना शेजारी ठेवलं तर पहिली गोष्ट दिसते ती ही, की दोघंही शिकारीमागे धावत नाहीत. जाळं पसरून वाट पाहतात. पण कोळिणीचं जाळं तिच्या शरीरातून बाहेर पडलं की तिच्यापासून वेगळं होतं. तो सुकलेल्या प्रथिनाचा धागा. तो तुटला तर तिला दुखत नाही. फोरॅमचं जाळं म्हणजे तो स्वतःच. त्याचा हात, त्याचं तोंड आणि त्याची त्वचा तेच. कोळीण जाळ्यावर बसून जगाची बातमी ऐकते. फोरॅमला बातमी आणणारा दुसरा कोणी नाही, तो स्वतःच बातमीपर्यंत पसरतो. गरज संपली की कोळीण जाळं खाते, फोरॅम ते आत ओढून घेतो. दोघांच्याही हिशेबात वाया काही जात नाही.

दुसरा फरक मोठेपणाचा, म्हणजे वाढण्याचा. कोळ्याचं कवच ताठ असतं. मोठं व्हायचं तर त्याला जुनं कवच फोडून टाकावं लागतं. कोपऱ्यात कोळ्याच्या आकाराची पोकळ, हलकी साल लटकलेली दिसते ना, ती तीच. फोरॅम काही टाकत नाही. तो जुन्या खोलीला नवी खोली जोडतो. त्याच्या शंखाच्या मध्यभागी, सगळ्यांत आत, त्याची पहिली खोली शाबूत असते. आपल्यासारख्या जुन्या घरांतल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या घरात पणजोबांची एक खोली आहे. तिच्याभोवती पुढच्या प्रत्येक पिढीने एकेक खोली बांधली. मुलं म्हणतात, पाडून नवं बांधू. कोळ्याचं शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे, फोरॅमचं माझ्या.

आणि शेवट. कोळीण अंड्यांभोवती रेशमाची पिशवी विणते. पुष्कळ जातींत ती पिल्लं पाहायला उरत नाही. तिचं शरीर मात्र मागे उरतं. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले असतात, कारण पायांचे मुख्य सांधे ताठ करायला त्याच्याकडे स्नायूच नाहीत. तो रक्ताच्या दाबाने पाय लांबवतो. दाब गेला की पाय मिटतात. अनेक फोरॅमांच्या बाबतीत मात्र प्रजननाच्या वेळी आतला सगळा जिवंत रस पिल्लांत वाटला जातो. आईचं कलेवर राहत नाही. राहतं ते रिकामं घर. वाळूत मला सापडले ते शंख अशीच सोडून दिलेली घरं असतील, हे नंतर कळल्यावर चपलांची वाळू झाडताना माझा हात जरा थांबू लागला.

आता मेंदूचा प्रश्न. कोळ्याला मेंदू आहे, आणि तो गडबडला की विणकाम गडबडतं. १९४८ साली जर्मनीत ट्युबिंगेन इथे हान्स पेटर्स हे प्राणिशास्त्रज्ञ कोळ्यांच्या विणकामाचा अभ्यास करत होते. कोळी पहाटे विणायचे, त्यामुळे त्यांना रात्री जागावं लागे. पेटर विट या औषधशास्त्रज्ञाला त्यांनी विचारलं, एखादं औषध देऊन ही वेळ बदलता येईल का? वेळ बदलली नाही, पण जाळ्यांचे आकार बदलले. पुढे विट यांनी वर्षानुवर्षं हाच अभ्यास केला. कॅफिन दिलेल्या कोळ्याचं जाळं पाहिलंत तर चहाचा दुसरा कप घेताना विचार कराल. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात अराबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळिणी पाठवल्या होत्या. सुचवणारी जूडिथ माइल्स ही शाळकरी मुलगी होती. वजन नाही, वर-खाली नाही, अशा ठिकाणी अराबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं. काही दिवसांत ती सावरली आणि जवळजवळ पृथ्वीवरच्यासारखं विणू लागली. माझ्या कपाटातल्या बाटलीवर जिचं नाव आहे त्याच जातीच्या या दोघी.

कोळ्याचं हे कौतुक समजतं, कारण मेंदू आहे. फोरॅमचं काय? काही जातींचे फोरॅम चुन्याचं घर न करता तळावरचे कण गोळा करून घर बांधतात. त्यातले काही कण निवडतात. कोणी ठरावीक आकाराचीच वाळू घेतो, कोणी स्पंजांच्या काचेसारख्या सुयाच उचलतो, बाकीचं सोडून देतो. निवडायला डोळा नाही, ठरवायला मेंदू नाही. मी असं म्हणत नाही की तो विचार करतो. स्पर्श आणि रसायन यांच्या जोरावर हे घडत असणार. पण निवड होते, हे दिसतं.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगायची आहे. सांगावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हाक मारली तर बघायची, कधी बघायचीही नाही. महिन्याभराने भाचा मला विचारू लागला, मामा, पुढे काय? मी तिच्या खाटेजवळ उभा राहून, डॉक्टरच्या आवाजात म्हणालो, "तिला आता काही कळत नाही. इथेच बोललात तरी चालेल." आणि मग आम्ही तिथेच बोललो. तिला कोणी ठेवून घ्यायचं, खर्च कसा वाटायचा, तिच्या खोलीचं काय करायचं. सगळं तिच्यासमोर.

आठवड्याने भाचेसून खाटेशेजारी बसून ताटात तांदूळ निवडत होती. अक्काचा डावा हात हळूहळू सरकत ताटापर्यंत आला. सुनेला वाटलं, ताट सांडणार. पण त्या बोटांनी एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. जन्मभर जिने जैनाच्या घरात सूर्य मावळायच्या आत, जीवजंतू पाहून, धान्य निवडलं, ती निवडत होती. मला निरोप आला. मी गेलो, बघत उभा राहिलो. फोरॅमच्या निवडलेल्या कणांबद्दल मी तोपर्यंत वाचलेलं होतं. एका पेशीच्या थेंबाला निवड करता येते याचं मला नवल वाटलं होतं, आणि माझ्या बहिणीला काही कळत नाही हे मी नाडी सोडता सोडता सांगून टाकलं होतं.

मी तिची माफी मागितली. तिच्यापर्यंत ती पोहोचली की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यानंतर ती वर्षभर होती. तेवढा काळ तिच्यासमोर घरातली बोलणी तिच्याशी बोलल्यासारखी झाली. आणि माझ्या दवाखान्यात "यांना काही कळत नाही" हे वाक्य त्या दिवसापासून बंद आहे.

लहानपणी पाठशाळेत पंडितजी जीवांची इंद्रियं शिकवायचे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भुंगा आणि माणूस अशा उदाहरणांनी एकेक इंद्रिय वाढत जातं. कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. कोळी आम्हाला चारांत शिकवला होता. परीक्षेत मी ही यादी पाठ म्हणून बक्षीस मिळवलं होतं, आणि मनात हिशेब केला होता की पाच म्हणजे पहिला नंबर. फोरॅम या यादीत कुठे बसतो, असं मी एका जाणत्या गृहस्थांना विचारलं. ते हसून म्हणाले, "डॉक्टर, यादी नंबर द्यायला नाही. कोणाला किती जपायचं ते समजावं म्हणून आहे. ज्याला एकच इंद्रिय, त्याच्याजवळून जाताना आपली पाचही उघडी ठेवायची." साठी उलटल्यावर मला पाठशाळेतला धडा समजला.

जाता जाता, या समुद्रातल्या कोळ्याचं आपल्यावर असलेलं ऋण सांगतो. फोरॅमांचे शंख समुद्राच्या तळावर थरावर थर साचतात. ५० कोटी वर्षांहून अधिक काळ हा वंश आहे. कोळ्यांचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे वडीलकी समुद्राकडे जाते. शंख घडताना पाण्यातला जड आणि हलका ऑक्सिजन त्यात कोणत्या प्रमाणात गेला, यावरून तेव्हाच्या समुद्राचं तापमान काढता येतं. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली अशा शंखांवरून हिमयुगांचा चढउतार मांडला. अरबी समुद्राच्या तळातल्या ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या जातीच्या शंखांची संख्या मोजून प्राचीन काळी नैर्ऋत्य मोसमी वारे किती जोरदार होते, याचा अंदाज करतात. कारण वारे जोरात वाहिले की तळचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि ही जात फोफावते. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही फोरॅमांवरून जुन्या पावसाचा शोध घेतला गेला आहे. आपल्या शेतकऱ्याच्या पणजोबाच्याही पणजोबाचा पाऊस कसा होता, याची वही एका पेशीने लिहून ठेवली आहे.

यांच्यात मोठेही झाले. न्युम्युलाइट म्हणजे छोटी नाणी. नावाप्रमाणे नाण्यासारखे चपटे, काही तर खरोखरीच्या नाण्याएवढे. गुजरातेत कच्छच्या खडकांत ते सापडतात. इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांचा चुनखडक त्यांनीच भरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी स्त्राबो हा ग्रीक भूगोलकार तिथे गेला तेव्हा त्याला पायथ्याशी मसुरीसारखे दगड दिसले. लोक म्हणत, मजुरांच्या जेवणातलं उरलेलं अन्न दगड झालं आहे. ते दगड कधी काळी जिवंत होते हे मात्र स्त्राबोच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं.

माझी आई दिवाळीआधी जळमटं काढायची तेव्हा आधी केरसुणीच्या दांड्याने भिंतीवर हळूच टकटक करायची. कोळी आपल्या पायांनी तो कंप ओळखून पळेपर्यंत थांबायची. मग जाळं काढायची. आम्ही मुलं तिला हसायचो. तिला कंप, फटींसारखी इंद्रियं, असलं काही ठाऊक नव्हतं. पण कोणाच्या घराला हात लावण्याआधी आत कोणी आहे का, ते विचारायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. यंदाच्या दिवाळीत केरसुणी हातात घ्याल तेव्हा भिंतीवर एकदा टकटक करा, एवढंच मागतो.